रत्नागिरीसमोरचं तेल शिजलं कुठे?

कोकणातलं तेल म्हटलं की मला आधी खोबरेल आठवतं. पण मंडळी, मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलपट्ट्याचे भूवैज्ञानिकांनी जे भाग पाडलेत, त्यातल्या एकाचं नावच 'रत्नागिरी ब्लॉक' आहे!

सुरुवात बॉम्बे हायपासून करू. १९६० च्या दशकात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने इथे भूकंपीय सर्वेक्षण केलं. म्हणजे पाण्यात धमाका करायचा, खालच्या थरांवरून परत येणारा आवाज टिपायचा आणि लागलेल्या वेळेवरून थराची खोली काढायची. त्यात एक भलामोठा उंचवटा दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे विहीर खणली आणि तेल लागलं.

पण त्या प्रतिध्वनीत दिसली ती तेल अडकून राहायची जागा. ते ज्यात तयार झालं तो खडक, म्हणजे सोर्स रॉक, नव्हे. आमच्या भाषेत, एक्झिक्युटेबल हातात आणि सोर्स कोड गायब.

तो पुढे विहिरींतल्या नमुन्यांमधून सापडला. खडकाचा चुरा तापवायचा, किती हायड्रोकार्बन निघतात ते मोजायचं. मुख्य स्रोत ठरला 'पन्ना फॉर्मेशन'मधला शेल, साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी साचलेला काळा चिखल. (रत्नागिरीत जमिनीवरही जांभ्याखाली काही ठिकाणी काळी माती आणि लिग्नाइट लागतं. तो थर बराच नंतरचा, या तेलाशी त्याचा संबंध नाही. पण चित्र डोळ्यांसमोर आणायला बरा.)

मग खणण्याआधीच हा खडक दिसेल का? समुद्रातली एक विहीर म्हणजे कोट्यवधींचा जुगार, त्यामुळे प्रश्न साधा नाही. २०११ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी 'दिसू शकतो' असं दाखवलं. सेंद्रिय द्रव्य हलकं आणि मऊ असतं. ते भरपूर असलं की खडकाची घनता घटते, लहरीचा वेगही घटतो. त्यामुळे थराच्या माथ्यावरून जोरदार, पण उलट्या चिन्हाचा प्रतिध्वनी येतो आणि लहर जितकी तिरकी जाईल तितका तो फिका पडतो. अट एवढीच की थर पुरेसा जाड हवा.

आपल्याकडे गोची अशी की पन्नामध्ये कोळशाचे थरही आहेत. कोळसाही हलका आणि मऊ, त्यामुळे तोही तसाच ओरडतो! दोन्ही वेगळे ओळखायला शेवटी जवळपासच्या विहिरीचा नमुना लागतोच.

खरी कसोटी रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे. वेंगुर्ला आर्च नावाचा जमिनीखालचा उंचवटा ओलांडला की केरळ-कोकण खोरं लागतं. तिथे विहिरी खणून झाल्या, पण व्यापारी प्रमाणात तेल काही हाती लागलेलं नाही. तेल अडकेल अशा जागा नकाशावर काढता येतात. त्यांच्या आसपास तेल शिजवणारा खडक आहे का, हा प्रश्न उरतो. तो दख्खनच्या बेसाल्टखाली असेल तर आणखी पंचाईत, कारण बेसाल्टमध्ये लहरी विखुरतात आणि त्याखालचं चित्र धूसर येतं.