थैली कुणाची, हिशेब कुणाचा?

श्रीमंत नवऱ्याच्या शोधात निघालेल्या मुलींवर हॉलिवूडने अनेक संगीतप्रधान विनोदी चित्रपट काढले. त्यांतला एक गाजलेला चित्रपट म्हणजे १९५३ सालचा ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, नायिका मेरिलिन मन्रो आणि जेन रसेल. मन्रोची लोरेलाय हिऱ्यांवर भाळलेली आहे. पण होणाऱ्या सासऱ्याला ती सरळ सुनावते, की पुरुषाचा पैसा बाईच्या रूपासारखा असतो. केवळ त्यासाठी कुणी लग्न करत नाही, पण असला तर बरेच की! तुम्हाला मुलगी असती तर तिला चांगले ते मिळावे असे तुम्हालाही वाटले असते, असेही ती म्हणते. प्रेक्षक हसतात, पण मुलीचे म्हणणे ऐकले गेलेले असते.

हा चित्रपट पाहिला की मला आपली ‘शारदा’ आठवते. गोविंद बल्लाळ देवलांचे हे संगीत नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. इथेही लग्न, पैसा, गाणी आणि विनोद आहेत. हिशेब मात्र मुलीचा बाप करतो. लोभी कांचनभट पैशासाठी शारदेला धनाढ्य म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. तिला कुणी विचारत नाही. वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून लग्न मोडते. ध्यानात घ्या, ते गोत्रामुळे मोडते. शारदेच्या नकारामुळे नव्हे.

पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला. ‘शारदा’शी त्याचे नावसाधर्म्य हा योगायोग, ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. आपले नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे तो लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला, तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात होता.

दरम्यान थैलीने दिशा बदलली होती. कांचनभट पैसे घेणार होता. आजचा वधूपिता देतो. सोयरीक जुळवायला बैठक बसते, हुंडा, सोने, मानपान ठरते, आणि जिच्यासाठी हे सारे, ती आत चहाचे कप भरत असते. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने, आपल्या लग्नाचा बोजा वडिलांवर नको म्हणून जीव दिला. तिनेही हिशेबच केला होता; पण तो ऐकायला बैठकीत कुणी नव्हते.

लोरेलायला आपण लोभी म्हणू. मात्र आपला हिशेब ती स्वतः, मोठ्याने मांडते. बैठकीत पैशाआधी मुलीचे मत विचारावे, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर गोत्र न पाहता उठावे. शारदेला तेवढे जरी मिळाले असते, तरी देवलांना ते नाटक लिहावे लागले नसते.