एक नाव, दोन गाड्या

‘जीटीओ’ ही तीन अक्षरं आपण घेऊ. 1962 साली इटलीत फेरारीने 250 जीटीओ काढली. तीन लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शर्यतीसाठीच बनलेली ही गाडी. एकूण 36 तयार झाल्या.

अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने 1964 च्या मॉडेलसाठी तेच नाव उचललं. टेम्पेस्ट या घरगुती गाडीत त्यांनी मोठ्या गाडीचं 6.4 लिटरचं इंजिन बसवलं. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या! जाणकार चिडले. पण बघा, वेग आता नोकरदार तरुणाच्याही आवाक्यात आला होता. ब्रेक मात्र साधे ड्रमचेच राहिले.

आम्हांला इथे तत्त्वाचा प्रश्न दिसतो. शक्ती सर्वांना वाटली, तिच्यावरचा ताबा मागेच राहिला. फेरारीकडे ताबा होता, पण तो मोजक्यांसाठी. दोन्ही एकत्र सर्वांना द्यायचं, हे काम खरं अवघड.