नौबादची सुरंग बावी आणि ‘लाइव्ह’ आकड्याचा आग्रह

बिदरला लागून असलेल्या नौबादची सुरंग बावी, म्हणजे पंधराव्या शतकातली बहमनी करेझ, जमिनीखालून पाणी वाहून आणणारा बोगदा. तिचे पाणी मोजायचे म्हटले की हल्ली उपकरणाची निवड एका प्रश्नावर होते: आकडा फोनवर लगेच दिसतो का? दिसत असेल तर ते उपकरण आधुनिक, नाहीतर कालबाह्य.

या मताची बाजू कमजोर नाही. आकडे घरबसल्या मिळाले की बिघाड लवकर कळतो, फेऱ्या वाचतात आणि गावालाही पाण्याची स्थिती दिसते. शिवाय केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींसारखी वर्षातून चारदा मोजणी इथे पुरणार नाही. बिदरच्या पठारावर सच्छिद्र जांभा आहे आणि त्याखाली बेसाल्ट. पाऊस जांभ्यातून झिरपून बोगद्यात किती वेळाने उतरतो, हे सततच्या नोंदीतूनच कळेल. पण सतत नोंद आणि तत्काळ दर्शन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रचलित मत त्या एकच धरते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

बोगद्यातले पाणी उथळ असते. खोल बोअरसाठी बनवलेला शंभर मीटर पल्ल्याचा दाब-संवेदक तिथे सोडला आणि त्याची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या ०.१ टक्का असली, तर चूक १० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. पडद्यावर मात्र मिलिमीटर झळकत राहतात. प्रवाह मोजायला ९० अंशांची व्ही-खाच, म्हणजे व्ही-आकाराची चीर असलेली आडवी फळी, बसवली, तर खाचेवर १० सेंटिमीटर पाणी असताना सेकंदाला सुमारे ४.४ लिटर वाहते, ११ असताना सुमारे ५.५. एका सेंटिमीटरने पाव हिश्श्याहून अधिक फरक पडतो, मग दहा सेंटिमीटरच्या चुकीचे काय बोलावे!

हवेचा दाब हा याहून फसवा. साधा बंदिस्त संवेदक पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी. आपल्या अक्षांशांवर हा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो शिगेला असतो, दुपारी चारच्या सुमारास तळाला, आणि दोहोंत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. म्हणजे स्थिर पाणीही रोज तीन-चार सेंटिमीटर हलल्यासारखे दिसेल. फोनवरचा तो सुबक आलेख पाहून कोणी दुपारच्या उपशाचा सिद्धान्तही मांडेल! उपाय स्वस्त आहे: बोगद्यावरच्या त्याच उच्छ्वासात, म्हणजे हवेसाठीच्या उभ्या विवरात, पाण्याच्या वर, हवेचा दाब नोंदवणारा दुसरा संवेदक टांगायचा आणि वजाबाकी करायची. कात्रजच्या पेशवेकालीन नळावरच्या उच्छ्वासांची ओळख असलेल्या पुणेकराला ही जागा लगेच उमगेल.

जांभ्याच्या पोटात मोबाइलचे सिग्नल पोचत नाहीत. अँटेना वर, उच्छ्वासाच्या तोंडाशी आणावी लागते. म्हणजे केबल आली, पेटी आली, तिची राखण आली. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा की सिग्नल तुटला तरी नोंद उपकरणाच्या स्मृतीत राहते का. पंधरा मिनिटांनी एक नोंद घेणारा आणि पूर्ण पावसाळा बॅटरीवर काढणारा साधा लॉगर मला इथे अधिक विश्वासाचा वाटतो. महिन्यातून एकदा नोंदी उतरवाव्यात आणि त्याच वेळी फितीने पाण्याची पातळी हाताने मोजून पडताळावी. महागड्या संवेदकाचा आकडाही हळूहळू सरकत जातो आणि या पडताळणीवाचून कोणाला पत्ता लागत नाही.

तत्काळ आकडा जिथे हवाच, अशी जागा मात्र नौबादला आहे. बोगद्यात उतरणाऱ्या माणसाजवळ प्राणवायूचे प्रमाण दाखवणारा, बोंब मारणारा छोटा गॅसमापक असलाच पाहिजे. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की बाहेर पडायचे. तिथला निर्णय त्याच क्षणाचा असतो, महिन्याने उतरवलेली नोंद काय कामाची? निधी थोडा असेल तर आधी हे यंत्र घ्यावे, आणि माणूस उतरण्यापूर्वी ते दोरीने खाली सोडून पाहावे.