एका वैद्याचें बेट

वैशाखांत सिरसाळ्याच्या आमच्या वाड्यांत चार पिढ्यांचीं माणसें जमतात. परळीहून बीडकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव. भोंवतीं काळी जमीन, कपाशीचीं रानें, आणि दुपारीं अंगणांत पाऊल टाकवणार नाहीं असें ऊन. तरीहि मुलें पुण्यामुंबईहून येतात, परदेशांतलीं येतात, त्यांचे स्नेहीसोबती येतात, आणि रात्रीं माळवदावर अंथरुणें पडलीं म्हणजे जागेवरून गोड भांडणेंहि होतात. यंदा मात्र एका रात्रीं निराळाच विषय निघाला. माझ्या पुतण्यानें आपल्या मोबाइलवर एक चित्र सर्वांस दाखविलें. निळ्या समुद्रांत एक चिमुकलें बेट, माडांची रांग, पांढरी वाळू आणि पांचसात घरें. हें सारें बेट आठवडाभर एकाच कुटुंबास भाड्यानें मिळतें. त्या आठवड्यांत दुसऱ्या पाहुण्यास तेथें मज्जाव. पुढील वर्षीं उन्हांत तापण्यापेक्षां सर्व आप्तेष्टांनीं तेथेंच जमावें, अशी त्याची सूचना होती. हेतु मुळींच वाईट नव्हता. माझ्या थोरल्या बंधूंची प्रकृति खालावत चालली आहे. ते हिंडतेफिरते आहेत तोंवर एकदां सर्वांनीं एकत्र राहावें, आणि तेंहि घरच्या बायकांस चुलीपुढें राबावें न लागतां, असें त्याला मनापासून वाटत होतें.

आमच्या आत्याबाईंनीं पंच्याऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. त्यांनीं तें चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलें आणि विचारलें, "अख्खं बेट एकाच मानसाचं? मग तिथली मानसं कुठं गेली रं बाबा?" पुतण्या हंसला, इतरहि हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकानें असल्या जाहिरातीस जो पहिला प्रश्न विचारावयाचा, तोच त्या माउलीनें सहज विचारला होता. आणि तो प्रश्न ऐकतांच मला एका अशाच बेटाची, व त्याच्या धन्याची, कथा आठवली. तें बेट दूर नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें पाहिलेलें आहे. त्याचें नांव मुंबई.

सोळाव्या शतकांत मुंबई म्हणजे एक शहर नव्हे, तर खाड्यांनीं व दलदलींनीं विभागलेल्या सात बेटांपैकीं एक बेट होतें. डिसेंबर 1534 मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें मोंगलांच्या धास्तीनें पोर्तुगीजांशीं तह केला आणि वसई व तिच्या अंकित असलेलीं बेटें त्यांच्या हवालीं केलीं. मुंबईच्या बेटावर विसावलेल्या पोर्तुगीज शिपायांनीं त्यास 'सुखी जीवनाचें बेट' असें नांव ठेवल्याचें त्यांच्या बखरकारांच्या लेखनांत येतें. गर्द सांवली, गोडें पाणी, मासळी आणि शिकार, एवढ्यावर दमलेला शिपाई खूष झाला असल्यास नवल नाहीं. आजची जाहिरात याहून वेगळें काय सांगते? बेट हातीं आल्यावर पोर्तुगीज राजसत्तेनें गांवें व बेटें आपल्या लोकांस वार्षिक खंडावर लावून दिलीं. या खंडास त्यांच्या भाषेंत 'फोरो' म्हणत. मुंबईतील 'फोरास रोड' या नांवांत तो शब्द आजवर टिकून राहिला आहे. 1554-55 च्या सुमारास मुंबईचें मुख्य बेट याप्रमाणें ज्यास मिळालें, तो गृहस्थ सरदार नव्हता, सेनापति नव्हता. तो एक वैद्य होता. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचें घराणें मूळचें स्पेनमधील यहुदी. 1492 मध्यें स्पेनच्या राजाराणीनें यहुद्यांस देशाबाहेर घालविलें, तेव्हां त्याचे मातापितर सरहद्द ओलांडून पोर्तुगालांत आले. तेथें 1497 मध्यें त्यांस व त्यांच्यासारख्या हजारोंस बळजबरीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. अशा घरांत, सरहद्दीजवळच्या एका लहान गांवीं, 1501 च्या सुमारास गार्सिया जन्मला. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठांत त्यानें अध्यापन केलें, आणि राजवैद्य म्हणून मान मिळविला. परंतु 'नवख्रिस्ती' हा शिक्का कपाळीं होताच. 1534 च्या मार्च महिन्यांत मार्तिम आफोन्सु द सोझा या आरमाराच्या अधिपतीबरोबर वैद्य म्हणून तो हिंदुस्थानास निघाला व सप्टेंबरांत गोव्यास उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1536 मध्यें, पोर्तुगालांत इन्क्विझिशनची धर्मसभा स्थापन झाली. हवेचा रोख त्यानें आधींच ओळखला होता, असा तर्क केल्यास तो अवाजवी होणार नाहीं.

सिरसाळ्याच्या माणसास ओर्ता परका वाटूं नये, याला आणखी एक कारण आहे. आमचा हा बीडचा मुलूख ज्या निजामशाहीच्या अमलाखालीं होता, त्या अहमदनगरच्या दरबारीं ओर्ताचें जाणेंयेणें होतें. पहिला बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी तर होताच, पण स्नेहीहि होता. इराणी, अरबी व तुर्की हकीमांबरोबर तेथें त्याचीं बोलणीं होत. हिंदु वैद्यांचें म्हणणेंहि तो आदरानें ऐकून घेई, आणि पटलें तर तसें मोकळेपणानें मान्य करी. बुऱ्हाणशहानें त्यास आपल्याजवळ ठेवून घेण्याची खटपट केली, मोठ्या वेतनाचें आमिष दाखविलें. परंतु त्यानें तें स्वीकारलें नाहीं. त्याचें बिऱ्हाड गोव्यास होतें, आणि तेथेंच त्याच्या ग्रंथाची तयारी चालली होती.

हा ग्रंथ 10 एप्रिल 1563 रोजीं गोव्यांत छापून झाला. हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें यांविषयीं संवादरूपानें लिहिलेला हा ग्रंथ आपल्या देशांत छापलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांपैकीं एक होय. पोर्तुगीजांचा महाकवि कामोंइश त्या वेळीं गोव्यांत होता. त्याची पहिली छापील कविता याच ग्रंथाच्या आरंभीं आली. 1567 मध्यें क्लूसियस या पंडितानें त्याचें लॅटिनमध्यें सार प्रसिद्ध केलें, व युरोपास हिंदी औषधींची विश्वसनीय ओळख झाली. ग्रंथांत दोन स्नेही गप्पा मारीत आहेत: एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनु नांवाचा कल्पित विद्वान्, ओर्ताचा विद्यार्थिदशेंतला सोबती. वाढणारी दासी मधून मधून येते, रोगी येतात, फळें येतात, आणि शास्त्रचर्चा चालूच राहते. पटकीच्या रोगाचें जें वर्णन त्यांत आहे, तें युरोपियन वैद्यकांतील फार महत्त्वाचें मानलें जातें. तेथें या रोगाचें देशी नांव देतांना त्यानें जो शब्द नोंदविला, तो म्हणजे आपल्या आज्यांच्या तोंडची 'मोडशी'. पुढें फ्रेंचांनीं या शब्दाचा अपभ्रंश करून त्यास 'कुत्र्याचें मरण' असा भलताच अर्थ चिकटविला. शब्दांचे प्रवासहि माणसांच्या प्रवासांइतकेच चमत्कारिक असतात.

याच ग्रंथांत मुंबईच्या बेटाचा उल्लेख येतो. आंब्यांचा विषय चाललेला असतांना सेवक वर्दी देतो कीं, मुंबईहून बेटाचा मक्तेदार आला असून गव्हर्नरास नजर करण्यासाठीं त्यानें आंबे आणले आहेत. आपल्या बेटावरील एका आंब्यास वर्षांतून दोनदां फळ येतें, हें ओर्ता मोठ्या कौतुकानें सांगतो. घारापुरीचीं लेणींहि त्यानें पाहिलीं होतीं. हिंदुस्थानांत आला त्या वर्षीं तीं पाहिलीं तेव्हां फार सुंदर होतीं, आणि पुढें गुरांच्या वावरानें त्यांची नासाडी झाली, अशी हळहळ त्यानें व्यक्त केली आहे. त्याच्या मालकीची हवेली, पुढें इंग्रजांनीं जेथें मुंबईचा किल्ला बांधला त्याच जागीं होती, असें सामान्यतः समजतात.

येथें थोडें थांबून आत्याबाईंचा प्रश्न विचारला पाहिजे. तेथलीं माणसें कोठें गेलीं? तीं कोठेंच गेलीं नव्हतीं. कोळी होडींतून मासे आणीत होते, भंडारी माडांवर चढत होते, कुणबी भात लावीत होते. गुजरातच्या सुलतानानें बेट दिलें, पोर्तुगालच्या राजानें तें वैद्यास लावून दिलें. या दोन्ही कागदांवर त्यांची सही नव्हती. आंबा दोनदां फळला हें ग्रंथांत आलें, पण तो आंबा ज्यानें उतरविला त्याचें नांव आलें नाहीं. ओर्ताच्या बुद्धीविषयीं मला अत्यंत आदर आहे. तथापि तो आपल्या काळाचा मनुष्य होता. त्याच्या घरीं गुलाम होते आणि रत्नांचा व्यापारहि तो करी. छळाखालीं सांपडलेल्या घराण्यांतला मनुष्य दुसऱ्याच्या भूमीचा धनी होतांना बिचकला, असें त्याच्या लेखनांत कोठें दिसत नाहीं. हा दोष एकट्याचा नव्हे. बहुतेक मालकांची दृष्टि अशीच असते.

आतां कथेचा दारुण भाग. 1547 मध्यें ओर्ताच्या दोन बहिणींस लिस्बनमध्यें इन्क्विझिशननें पकडलें. सुटका झाल्यावर, 1549 च्या सुमारास, त्या वृद्ध मातेसह भावाच्या आश्रयास गोव्यास आल्या. आई, बहिणी, मेहुणे, पत्नी व मुली असें मोठें कुटुंब एका कर्त्या पुरुषाभोंवतीं गोळा झालें. त्याला राजाचा विश्वास होता, व्हाइसरॉयांचा स्नेह होता, बेट होतें. परंतु 1560 मध्यें इन्क्विझिशन गोव्यांतहि येऊन पोंचली. ओर्ता जिवंत होता तोंवर कोणी त्याला हात लावला नाहीं. 1568 मध्यें तो वारला, आणि वर्षभरांतच त्याची बहीण कातारिना हिला धर्मद्रोही ठरवून ऑक्टोबर 1569 मध्यें गोव्यांत जाळण्यांत आलें. तिच्या पतीनें चौकशींत सांगितलें कीं, मोशेचें धर्मशास्त्रच खरें असें ओर्ता आपल्या माणसांत बोलत असे. मग मृतावरहि खटला चालला. डिसेंबर 1580 मध्यें त्याच्या अस्थि थडग्यांतून उकरून जाळण्यांत आल्या. ही सारी हकीकत शेंकडों वर्षें इन्क्विझिशनच्या दप्तरांत पडून होती; 1934 मध्यें सिल्वा कार्व्हाल्यू या पोर्तुगीज संशोधकानें ती उजेडांत आणली. तोंवर ओर्ताचे चरित्रकार त्याला निष्ठावंत ख्रिस्ती समजत आले होते.

ग्रंथांत इतका गप्पिष्ट असलेला हा मनुष्य घरच्या श्रद्धेविषयीं एक अक्षर बोलत नाहीं, याचा अर्थ आतां कळतो. दार लावून, आपल्याच माणसांत, मंद आवाजांत बोलण्याची ती गोष्ट होती. बेट मिळालें, तरी मोठ्यानें बोलण्याची जागा मिळाली नाहीं. राजाच्या कृपेनें लाभलेलें बेट राजाच्याच न्यायसभेपासून रक्षण कसें करणार?

बेटाचें पुढें काय झालें तें प्रसिद्धच आहे. 1661 च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण म्हणून देऊं केली गेली. 18 फेब्रुवारी 1665 रोजीं, तेव्हांची मालकीण दोना इग्नेझ द मिरांदा हिच्या वाड्यांत, हंफ्रे कुकनें बेटाचा ताबा घेतला. आणि 1668 मध्यें दुसऱ्या चार्लसनें तें सालीना 10 पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. वैद्य गेला, बाई गेली, राजे गेले, कंपनी गेली. कुलाब्यापासून वरळीपर्यंत कोळीवाडे मात्र अजून आहेत. ओर्ताचें नांव पणजीच्या एका बागेस आहे, आणि 1971 मध्यें पोर्तुगालनें आपल्या 20 एस्कुदोंच्या नोटेवर त्याचें चित्र छापलें. ज्या सत्तेनें अस्थि जाळल्या तिच्याच वारसांनीं तो चेहरा चलनावर आणला. इतिहास प्रायश्चित्त घेतो, पण फार उशिरां.

ही कथा मीं त्या रात्रीं माळवदावर सांगितली. पुतण्याची सूचना हाणून पाडावी असा माझा हेतु नव्हता, व ती मोडलीहि नाहीं. जावयाचें कीं नाहीं हें अद्याप ठरावयाचें आहे. आपलीं सगळीं माणसें एका ठिकाणीं, निर्भयपणें, एकत्र असावींत, ही इच्छा ओर्ताचीहि होती आणि माझ्या पुतण्याचीहि आहे. त्या इच्छेला कोण नांव ठेवील? थोरले बंधु इतकेंच म्हणाले, "तिथं आपल्याला ओळखणारं कोण असंल?"

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आंबे मातर पयले सायबालाच गेले म्हनायचे." दुसऱ्या दिवशीं सकाळीं आढी उघडली. एरवीं पहिली पाटी देवापुढें ठेवून मग घरांत वांटली जाते. यंदा आत्याबाईंनीं देवापुढें दोन आंबे ठेवले, आणि उरलेली पाटी आमच्या सालगड्याच्या घरीं पोंचती केली. वर्षाचे अकरा महिने वाडा तेंच कुटुंब राखतें. तीं झाडेंहि त्याच्या बापानें घागरीघागरीनें पाणी घालून वाढविलीं आहेत. गेलीं तीस वर्षें मी विद्यार्थ्यांस जमीनमहसुलाचा इतिहास शिकवीत आलों, पण ही गोष्ट मला आजवर सुचली नव्हती.