‘पंत’ या उपपदाविषयी

गगनबावडा म्हणताच पंत अमात्यांच्या जहागिरीचे स्मरण होते. ‘पंत’ हा ‘पंडित’ शब्दाचा संक्षेप होय. विद्वानास लावावयाचे हे उपपद लेखणीने राज्यकारभार चालविणाऱ्यांच्या नावांशी जडले आणि ‘पंत अमात्य’, ‘पंत सचिव’ अशा पदनामांतही शिरले. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ‘मुजुमदार’ या फारसी संज्ञेऐवजी ‘अमात्य’ ही संज्ञा आली. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा रामचंद्रपंतांनी ‘हुकुमतपनाह’ या अधिकाराने महाराष्ट्र सांभाळिला. तो किताब राजाने दिला. नावापुढील ‘पंत’ मात्र लोकांच्या मुखातून आला. म्हणूनच स्वतःच्या सहीत ‘पंत’ लिहिण्याची अलीकडची हौस आम्हांस रुचत नाही. ज्ञातिबांधवांनी सभासद-यादीसाठी आपले नाव साधेच लिहून पाठवावे. ‘पंत’ आम्ही लावू.