टीबीवाल्या सुनेचं ताट

परवा आमच्या गल्लीत टीबी झालेल्या सुनेचं ताट वेगळं ठेवलेलं पाहिलं. डोकं सणकलं. मंडळी, हा प्रश्न १९५९-६० सालीच मिटलाय! मद्रासमध्ये निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्मे आपापल्या घरी, दाटीवाटीच्या वस्तीत. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास. वर्षभरानं गुण जवळपास सारखाच. घरच्यांना जास्त लागण? तीही नाही. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला हा अभ्यास मोठा कारण ठरला.

सॅनेटोरियममध्ये जेवण चांगलं होतं, तरी निकालात फरक नाही. त्यातून सोयीचा अर्थ निघाला: गोळ्या पुरेत, खाण्याचं नंतर बघू. त्याला उत्तर २०२३ मध्ये झारखंडातून आलं. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काही घरांत सगळ्या कुटुंबाला सहा महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दुसऱ्या घरांतल्या माणसांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी!

आपल्याकडं निक्षय पोषणचे महिना १००० रुपये येतात ते पेशंटच्या खात्यात. खाणारी तोंडं पाच.

सासूबाईंना ताटाबद्दल टोकलंच. त्या म्हणाल्या, "भाऊ, वेगळं नाही ठेवलं तर तिच्या वाटणीचं अंडं पोरं खातात."