टॉवेल सुटला नव्हता: अथेन्सचं कोर्ट आणि नानावटी खटला

आजच्या भागात एकच गोष्ट दोनदा सांगणार आहे.

पहिल्यांदा अथेन्समध्ये, इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या सुरुवातीला. युफिलेटोस नावाच्या माणसाला कळतं की बायकोचं एराटोस्थेनीस नावाच्या एकाशी सूत जुळलंय. एका रात्री घरातली दासी त्याला उठवते: तो आलाय. युफिलेटोस हळूच बाहेर पडतो, मित्रांना गोळा करतो, जवळच्या दुकानातून मशाली घेतो, परत घरात शिरतो आणि एराटोस्थेनीसला ठार मारतो.

खटला उभा राहिला. तिथे आपली बाजू आपणच मांडायची पद्धत होती. पण भाषण पैसे देऊन लिहून घेता यायचं. युफिलेटोसचं भाषण लिसियासने लिहिलं. हा लिसियास अथेन्सचा नागरिकही नव्हता, भाषणं लिहून देणं हा त्याचा धंदा.

ते भाषण आज उपलब्ध आहे, आणि जबरदस्त आहे. कायदा खूप नंतर येतो. आधी घर येतं. घर दोन मजली, बाळ झालं, बायकोला रात्री जिना उतरायला नको म्हणून नवरा वर गेला आणि ती खाली आली. ऐकणाऱ्याला वाटतं, किती साधा माणूस! मग तो म्हणतो की रंगेहाथ पकडलेल्याला मारायची कायद्याने मुभा आहे. समोरच्यांचा आरोप होता की एराटोस्थेनीसला सापळा रचून घरात आणलं. त्यांचं भाषण मात्र टिकलेलं नाही. निकालही टिकलेला नाही. बायकोचं तर नावसुद्धा कुठे येत नाही.

आता दुसऱ्यांदा. मुंबई, २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाने सांगितलं की तिचं प्रेम अहुजावर प्रेम आहे. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी अहुजाच्या ऑफिसात आणि मग त्याच्या फ्लॅटवर गेले. अहुजा अंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. तीन गोळ्या.

बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली: देशासाठी समुद्रावर असलेला देखणा अधिकारी आणि त्याचं घर मोडणारा श्रीमंत माणूस. लिसियासने लिहिली असती तर याहून वेगळी लिहिली नसती. ज्युरीत नऊ जण होते. आठ विरुद्ध एक, निर्दोष.

ज्युरी ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. पण साध्या नागरिकांनी न्याय करायचा, हे अथेन्सने फार आधी टोकाला नेलं होतं. दर वर्षी तिशी ओलांडलेले सहा हजार पुरुष नागरिक चिठ्ठीने निवडायचे. (बायका आणि गुलाम अर्थातच नाहीत.) खुनाची कोर्टं वेगळी आणि लहान असायची, पण एरवी मोठ्या खटल्याला पाचशे-एक जण बसत. कोण कुठल्या कोर्टात बसणार हे पुढे त्याच सकाळी ठरायला लागलं, खाचा पाडलेल्या दगडी यंत्रात नावाच्या पट्ट्या घालून आणि काळे-पांढरे गोटे सोडून. म्हणजे आदल्या रात्री लाच द्यायची तरी कुणाला? दोन्ही बाजूंना सारखा वेळ, पाण्याच्या घड्याळावर मोजलेला. मत गुप्त. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे डिझाइन फार आवडतं.

फक्त त्यात लॉग नाही. कायदा समजावणारा न्यायाधीश नाही, आपसांत चर्चा नाही, अपील नाही. भाषणं ऐकली, लगेच मत टाकलं, मोजणी झाली. का, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मुंबईत लॉग होता. सत्र न्यायाधीश मेहता यांना ज्युरीचा निर्णय पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तो निकाल वाचा. दुपारी दीडला घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी खून. रागाच्या भरात म्हणायला मधले जवळपास तीन तास जरा जास्तच होतात. आणि झटापट झाली म्हणता, तर टॉवेल अंगावर जसाच्या तसा कसा?

नानावटी ही भारतातली शेवटची ज्युरी केस असं सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्युरी बंद करा म्हटलं होतं, आणि ती पूर्ण गेली १९७३ च्या फौजदारी संहितेने.

अहुजा सिंधी होता. मी राहतो त्या कात्रपहून, म्हणजे बदलापूरहून, दोन स्टेशनांवर उल्हासनगर आहे, फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांचं शहर. पारशी अधिकारी, सिंधी मृत, आणि दोन्ही समाज तापलेले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, तेव्हा भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही दिली.

आता आमच्या गावाबद्दल. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले. फाशी द्या, आत्ताच द्या. तो राग खोटा नव्हता, आणि रूळ अडेपर्यंत कुणी ऐकत नव्हतं हेही खरं. २३ सप्टेंबरला मुख्य आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्याच गोळीने मेला. ‘बदला पुरा’ असे फलक लागले.

अथेन्समध्येही असं एकदा झालं, इसवी सनपूर्व ४०६ मध्ये. आर्गिनुसाईची नौदल लढाई जिंकली, पण वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. लोक खवळले. प्रत्येक सेनापतीचा वेगळा खटला न चालवता सभेने एकाच मतदानात सगळ्यांना मृत्युदंड दिला. सभा चालवणाऱ्यांमध्ये सॉक्रेटिस होता, त्याने हे बेकायदा आहे म्हणून नकार दिला. कुणी ऐकलं नाही. हाती असलेले सहाही सेनापती मारले गेले. थोड्याच काळात शहर पस्तावलं, आणि ज्यांनी चिथावलं त्यांच्यावर खटले भरायचं ठरलं.

बदलापुरात मुख्य आरोपीवरचा खटला उभाच राहिला नाही. म्हणजे त्याचा बचाव कुणी तपासला नाही, आणि त्या मुलींचं त्याच्याविरुद्धचं म्हणणंही कुठल्या न्यायाधीशाने ऐकून, तपासून, खरं आहे असं निकालपत्रात लिहिलं नाही. दीड वाजता काय, चार वीसला काय, असा कागद त्याच्याबाबतीत आता निघणार नाही.